आवाज फाटू नये म्हणून झटलेला कारागीर

जत्रेतल्या नाटकाच्या वेळी रंगमंचाच्या कडेला बसून ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाचे एक काम ठरलेले असते. नटाने स्वर चढवला आणि कर्ण्यातून आवाज फाटू लागला, की हात पुढे करून बटण खाली आणायचे. फाटलेला आवाज हा दोष, तो तत्काळ दूर झाला पाहिजे, याविषयी प्रेक्षक, नट आणि यंत्रणावाला या तिघांचेही एकमत असते. इलेक्ट्रिक गिटारच्या जगात मात्र गेली सत्तर वर्षे नेमका हाच दोष गुण मानला जात आहे. वादक त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात आणि तो मिळवण्यासाठी पैसा, वेळ आणि शेजाऱ्यांचा स्नेह अशा तिन्ही गोष्टी पणाला लावतात. गंमत अशी, की ज्या यंत्रांतून हा फाटका नाद सर्वांत सुंदर निघतो, त्यांतील बहुतेकांचे मूळ ज्या माणसाच्या कामाच्या टेबलावर सापडते, त्याने आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता : आवाज फाटता कामा नये. त्या माणसाचे नाव लिओ फेंडर.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म 10 ऑगस्ट 1909 रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या दरम्यान असलेल्या एका शेतावर झाला. आईवडिलांचा व्यवसाय संत्र्यांच्या बागेचा आणि भाजीपाल्याचा. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि तो डोळा काढावा लागला. पुढे जन्मभर त्या जागी काचेचा डोळा राहिला. शाळेत त्याने काही काळ पियानोचे आणि सॅक्सोफोनचे धडे घेतले, परंतु वाद्यात जीव रमला नाही. तो रमला रेडिओत. तेराव्या वर्षी सांता मारिया येथे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवणाऱ्या मामाने त्याला टाकाऊ सुट्या भागांची एक पेटी पाठवली. नंतर मामाच्या दुकानात गेल्यावर मामाने स्वतः जोडलेला एक रेडिओ त्याच्या दृष्टीस पडला. त्या रेडिओच्या कर्ण्यातून मोठ्याने येणाऱ्या संगीताचा ठसा मनावर कायमचा उमटल्याचे फेंडर उतारवयातही सांगत. हा मुलगा वादनाने भारावला नव्हता. त्याला मोहिनी पडली होती ती आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची, आणि पुढचे सगळे आयुष्य या एका फरकाने घडवले.

शिक्षण मात्र त्यांनी विजेचे घेतले नाही. फुलर्टनच्या कनिष्ठ महाविद्यालयात हिशेबनिशी शिकून ते नोकरीला लागले. आधी बर्फाच्या आणि शीतगृहाच्या एका कंपनीत, नंतर राज्याच्या महामार्ग खात्यात, मग टायर विकणाऱ्या कंपनीत. 1934 मध्ये एस्थर क्लॉस्की यांच्याशी विवाह झाला. महामंदीच्या त्या वर्षांत नोकऱ्या येत आणि जात. अखेर 1938 मध्ये 600 डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टनमध्ये फेंडर रेडिओ सर्व्हिस नावाचे दुरुस्तीचे दुकान थाटले. रेडिओ, ग्रामोफोन, सभेसाठी लागणारे ध्वनिक्षेपक, जे येईल ते दुरुस्त करायचे, भाड्याने द्यायचे, लागल्यास नवे जोडून द्यायचे. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एखादे दुकान असे आणि रेडिओचा व्हॉल्व्ह गेला की माणसे तिथे धाव घेत, हे जुन्या वाचकांना आठवेल.

या दुकानात दुरुस्तीस येणाऱ्या वस्तूंत वादकांचे ॲम्प्लिफायरही असत. बिघडलेले यंत्र उघडायचे, त्यात कोणता भाग पुन्हा पुन्हा जळतो हे पाहायचे आणि तो का जळतो याचा विचार करायचा, ही फेंडर यांची खरी पाठशाळा. नवी वस्तू घडवताना ती उद्या एखाद्या लहान गावातल्या दुरुस्तीवाल्याच्या हाती पडणार आहे, हे ते कधी विसरले नाहीत. पेटीच्या आतल्या बाजूला कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा कागद चिकटवलेला असे आणि मागची फळी काढली की आतले काम हाताशी येई. त्यांच्या गिटारची मानही सरस लावून न चिकटवता स्क्रूंनी आवळलेली, म्हणजे खराब झाल्यास सोडवून दुसरी बसवता यावी. पारंपरिक वाद्यकारांनी याला नाके मुरडली असतील. परंतु सत्तर वर्षांपूर्वीची ही यंत्रे आजही चालती आहेत, याचे श्रेय त्या दुरुस्तीवाल्याच्या नजरेलाच द्यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात एका डोळ्यामुळे त्यांना सैन्यात जावे लागले नाही. याच काळात डॉक कॉफमन या वादक-संशोधकाशी त्यांची भागीदारी जमली. 1945 मध्ये दोघांनी के अँड एफ या नावाने मांडीवर ठेवून वाजवायची हवाइयन पद्धतीची स्टील गिटार आणि तिच्यासोबतचा छोटा ॲम्प्लिफायर बनवायला घेतला. वर्षभरात कॉफमन बाजूला झाले. कर्जाचा आणि अनिश्चिततेचा बोजा त्यांना नकोसा झाला होता. फेंडर यांनी मात्र 1946 मध्ये स्वतःच्या नावाने कारखाना उभा केला. 1950 मध्ये सपाट लाकडी फळीची इलेक्ट्रिक गिटार आली. तिचे नाव आधी ब्रॉडकास्टर. दुसऱ्या एका वाद्यनिर्मात्याच्या ढोलांचे नाव तसेच असल्याने 1951 मध्ये ते टेलिकास्टर झाले. त्याच वर्षी प्रिसिजन बास आणि 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर. गिटारचा हा इतिहास ठाऊक असलेल्यांची संख्या मोठी आहे आणि तो येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या सर्व गिटारी घडवणाऱ्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, धड सुरात लावताही येत नव्हती. चाचणीसाठी ते वादकांना बोलावत, त्यांचे म्हणणे ऐकत आणि पुन्हा टेबलाशी जात. कॅलिफोर्नियातील काउबॉय संगीताचे आणि हवाइयन स्टील गिटारचे वादक हे त्यांचे मुख्य ग्राहक. घंटेसारखा स्वच्छ, टोकदार, दूरवर पोहोचणारा नाद या लोकांना हवा होता आणि फेंडर यांनाही तोच आवडे.

आता ॲम्प्लिफायरकडे वळू, कारण या चरित्रातील खरा पेच तिथे आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या निर्वात नळीतून विजेचा प्रवाह नियंत्रित करणारे साधन. गिटारच्या तारेखालच्या चुंबकी पिकअपमधून येणारा क्षीण संकेत आधी एका लहान व्हॉल्व्हमध्ये वाढतो, नंतर मोठ्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ मिळते. प्रत्येक व्हॉल्व्हला मर्यादा असते. संकेत त्या मर्यादेपलीकडे ढकलला, की लाटेचा माथा वर जाण्याऐवजी दाबला जातो, चपटा होतो. माथा चपटा झाला की मूळ सुराबरोबर त्याचे नवे उपस्वर निर्माण होतात. व्हॉल्व्हमध्ये हे दबणे एकदम होत नाही. हळूहळू, गोलाईने होते. हलक्या हाताने तार छेडली तर नाद स्वच्छ राहतो, जोराने छेडली तर कडा खरखरीत होतात आणि सूर लांबतो. वादकाच्या बोटांच्या दाबाला यंत्र असे उत्तर देते, ही त्यातली मोहिनी. तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. रुंद घोडीवर तार किंचित घासते, सूताचा एक धागा खाली सरकवला की उपस्वरांचे झुंबर उलगडते, आणि तंबोरा मात्र होता तेवढ्याच हळू आवाजात बोलत राहतो.

तंबोऱ्याला जे साधते, ते व्हॉल्व्हला साधत नाही. पॉवर व्हॉल्व्ह त्याच्या मर्यादेला भिडवायचा तर यंत्र पूर्ण ताकदीने चालवावे लागते, आणि पूर्ण ताकद म्हणजे कानठळ्या. घरात बसून गिटार वाजवणाऱ्याची अडचण हीच आहे. नाद हवा, पण गोंगाट नको.

फेंडर यांच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना तो नाद नकोच होता. पन्नासच्या दशकात त्यांच्या ॲम्प्लिफायरच्या आराखड्यांत वर्षागणिक होत गेलेले बदल पाहिले, तर त्यांची दिशा स्पष्ट दिसते. अधिक शक्ती, अधिक मोठे ट्रान्सफॉर्मर, आणि निर्गम संकेताचा काही अंश उलटा मागे फिरवून विकृती कमी करणारी रचना. हे सारे यासाठी, की वादकाने बटण पुढे नेले तरी आवाज फाटू नये. 1952 मध्ये बास गिटारसाठी बॅसमन हा ॲम्प्लिफायर आला आणि त्या दशकाच्या अखेरीस चार 10 इंची स्पीकरच्या पेटीत तो आपल्या प्रसिद्ध रूपाला पोहोचला. 1960 च्या आसपास डिक डेल नावाचा तरुण वादक बॅल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये हजारोंच्या गर्दीपुढे इतक्या जोराने वाजवू लागला, की फेंडर यांचे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकामागून एक निकामी होऊ लागले. कारखान्यातील शांततेत टिकणारे यंत्र तिथे का टिकत नाही, हे पाहायला फेंडर आपले सहकारी फ्रेडी टॅव्हारेस यांच्यासह स्वतः त्या सभागृहात गेले. माणसांनी भरलेले सभागृह आवाज शोषून घेते, हे तिथे त्यांना कळले. त्यातून शोमन हा नवा, बलदंड ॲम्प्लिफायर आणि 15 इंची जेबीएल स्पीकरची जोड जन्माला आली. मोठा, आणखी मोठा, तरीही स्वच्छ.

परंतु वादकांचे कान दुसरीकडे वळले होते. मार्च 1951 मध्ये मेंफिस येथे रॉकेट 88 हे गीत ध्वनिमुद्रित होत असताना गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर प्रवासात मोडला होता. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम निभावले आणि तो खरखरीत नादच लोकांना आवडला. 1958 मध्ये लिंक रे यांनी स्पीकरच्या कागदी शंकूला पेन्सिलीने भोके पाडली. लंडनमध्ये 1964 साली किंक्स या वृंदाचे डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या एल्पिको या लहानशा, स्वस्त ॲम्प्लिफायरचा स्पीकर पात्याने चिरला आणि ते फाटके रूप मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये पाठवले. घरगुती आकाराचे यंत्र, त्याला हेतुपुरस्सर केलेली इजा आणि त्यातून निघालेला रांगडा सूर : मोठ्या आवाजाशिवाय फाटका नाद मिळवण्याचा हा बहुधा सर्वांत अडाणी आणि सर्वांत यशस्वी प्रयोग ठरावा.

याच सुमारास फेंडर यांच्या बॅसमनचा एक नवा अवतार समुद्रापलीकडे घडत होता. लंडनच्या हॅनवेल भागात ढोलांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांच्याकडे येणाऱ्या तरुण गिटारवादकांना फेंडरचा ॲम्प्लिफायर हवा असे, परंतु आयात माल महाग पडे. 1962 मध्ये मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅसमनची रचना समोर ठेवून, ब्रिटनमध्ये मिळणारे भाग वापरून जेटीएम 45 बनवला. भाग बदलल्याने स्वभाव बदलला. हा ॲम्प्लिफायर लवकर आणि अधिक रागाने फाटे. पुढे त्याच घराण्यातले 100 वॉटचे ॲम्प्लिफायर रचलेल्या स्पीकरपेट्यांसह रंगमंचावर उभे राहिले. 18 ऑगस्ट 1969 रोजी वुडस्टॉक येथे जिमी हेंड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत किंचाळत्या, फाटत्या सुरांत वाजवले, तेव्हा हातात फेंडर यांची पांढरी स्ट्रॅटोकास्टर होती आणि पाठीमागे फेंडर यांच्याच बॅसमनच्या वंशातले मार्शल. स्वच्छ नादाच्या पुजाऱ्याचे देऊळ असे दोन्ही बाजूंनी दुसऱ्याच देवाने व्यापले.

एवढ्या प्रचंड यंत्रांच्या गर्दीत फेंडर यांचे एक अगदी लहान यंत्र दुर्लक्षित राहिले होते. 1948 मध्ये त्यांनी चॅम्पियन 800 नावाचा ॲम्प्लिफायर काढला. नवशिक्यांच्या स्टील गिटारसोबत द्यायचा, घरी सराव करण्यापुरता. पुढे त्याचे नाव चॅम्प झाले. पन्नासच्या दशकातील चॅम्पची अंतर्रचना पाहिली की तिच्या साधेपणाचे नवल वाटते. संकेत वाढवणारा एक लहान व्हॉल्व्ह, एक 6व्ही6 पॉवर व्हॉल्व्ह, विजेचे एकदिशीकरण करणारा एक व्हॉल्व्ह, 8 इंची स्पीकर आणि आवाजाचे एकच बटण. जाड-बारीक सुरांचे नियंत्रणसुद्धा नाही. शक्ती जेमतेम 4 ते 5 वॉट. विद्यार्थ्याला परवडावा म्हणून फेंडर यांनी यातून जे जे वगळता येईल ते वगळले होते आणि त्या काटकसरीतच अनवधानाने सारे काही साधले. एवढ्या कमी शक्तीचे यंत्र बटण निम्म्यावर येण्याआधीच आपल्या मर्यादेला भिडते. एकाच पॉवर व्हॉल्व्हवर भार असल्याने उपस्वरांची जात गोड राहते. तार जोराने छेडली की विजेचा दाब क्षणभर खचतो आणि पुन्हा सावरतो, त्यामुळे सुराला श्वास घेतल्यासारखी लय येते.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ही गोष्ट प्रथम उमगली. मायक्रोफोनला ॲम्प्लिफायर केवढा आहे हे दिसत नाही. त्याला फक्त नाद ऐकू येतो. 1970 मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत एरिक क्लॅप्टन यांनी लैला या गाण्याचा समावेश असलेला संग्रह ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्यांनी हाच पोरासोरांचा चॅम्प वापरला. ऐकणाऱ्यांना वाटत राहिले की हा पर्वतासारख्या यंत्राचा आवाज असावा.

तर मग चॅम्प आणला की घरचा प्रश्न सुटला काय? नाही. या ठिकाणी आकडे फसवतात. शक्ती दहापट कमी केली की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. 40 वॉटच्या जागी 4 वॉट आले तरी गोंगाट दहाव्या हिश्शावर येत नाही, अर्ध्यावरच येतो. पूर्ण चढवलेला 5 वॉटचा ॲम्प्लिफायर हातभर अंतरावर शंभर डेसिबलच्या आसपास सहज पोहोचतो. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. गोव्यात रात्रीच्या दहाच्या या मर्यादेवरून दरवर्षी वाद होतात. गोव्यातल्या अंगण-परसाच्या घरात निदान भिंतींमध्ये अंतर असते. हजिऱ्याच्या कारखान्यांत नोकरीला गेलेल्या आणि सुरतेच्या अडाजण भागात सदनिका घेऊन राहिलेल्या एखाद्या हौशी वादकाला तेही नाही. त्याची भिंत हीच शेजाऱ्याची भिंत.

यावर गेल्या पन्नास वर्षांत जे उपाय निघाले, ते बहुतेक फेंडर यांच्या हेतूच्या विरुद्ध दिशेने जाणारे आहेत. पहिला, मास्टर व्हॉल्यूमचा. सुरुवातीच्या लहान व्हॉल्व्हमध्येच संकेत फाडायचा आणि नंतरच्या बटणाने आवाज कमी करायचा. सत्तरच्या दशकात मार्शलने आणि मालकी बदललेल्या फेंडर कंपनीनेही हे बटण आणले. सोपे आहे, परंतु पॉवर व्हॉल्व्ह झोपलेलाच राहतो आणि नाद बहुधा डबक्यावरच्या डासासारखा बारीक लागतो. दुसरा उपाय ॲटेन्युएटरचा. हे उपकरण ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये बसते, यंत्र पूर्ण ताकदीने चालू देते आणि त्या ताकदीचा बराचसा भाग उष्णतेत घालवून उरलेली चिमूटभर स्पीकरला देते. बॉस्टन या वृंदाचे टॉम शोल्ट्झ हे एमआयटीत शिकलेले अभियंते; घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण करणाऱ्या या गृहस्थाने 1980 च्या सुमारास पॉवर सोक नावाचे असे उपकरण बाजारात आणले. याने पॉवर व्हॉल्व्ह जागा राहतो. मात्र ॲम्प्लिफायरचा आणि उपकरणाचा ओहमचा आकडा जुळला पाहिजे. स्पीकर किंवा त्याच्या तोडीचा भार न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवला तर निर्गम ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतून आणलेला जुना चॅम्प आपल्या 230 व्होल्टच्या विजेवर थेट लावणे हाही असाच एका क्षणात खेळ संपवणारा मार्ग. त्याला दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि अशा यंत्राची मागची फळी हौसेखातर काढू नये. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून असतात.

इतके करूनही काही उणे राहतेच, आणि ते यंत्रातले नाही. हळू आवाजात मनुष्याच्या कानाला खर्ज आणि तार टोकाचे सूर कमी ऐकू येतात, हे बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिले होते. तोच नाद हळू वाजला की पोकळ भासतो तो यामुळे. खर्ज थोडा वाढवून घेतला की ही उणीव बरीच भरते. मोठ्या आवाजाने गिटारची तार स्वतःच पुन्हा थरारते आणि सूर न संपता टिकतो, ते मात्र घरात व्हायचे नाही. तेवढे सोडून द्यावे. मोठ्या आवाजाची किंमत काय असते, हे द हू या वृंदाचे पीट टाउनशेंड यांच्या श्रवणशक्तीच्या ऱ्हासाकडे पाहिले तरी कळते.

फेंडर यांच्या आयुष्यातील पुढचा भाग उदास आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून सायनसचा जंतुसंसर्ग त्यांना सतावत होता. औषधे लागू पडेनात, प्रकृती ढासळत गेली आणि आपण फार काळ जगणार नाही अशी त्यांची खात्री झाली. जानेवारी 1965 मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण उद्योगाला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. पुढे काही वर्षांतच एका डॉक्टरने प्रतिजैविकांच्या मोठ्या मात्रा देऊन तो आजार बरा केला. माणूस वाचला, पण नाव दुसऱ्याचे झाले होते. फेंडर हा शब्द ज्या पेट्यांवर छापला जाई, त्या पेट्यांवर लिओ फेंडर यांचा अधिकार उरला नव्हता. सल्लागाराची जबाबदारी त्यांनी 1970 पर्यंत निभावली. नव्या मालकांनी अभियंते वाढवले, हिशेबनीस वाढवले. 1977 मध्ये त्यांच्या एका ॲम्प्लिफायरची शक्ती 135 वॉटवर गेली. तो कितीही चढवला तरी फाटत नसे. फेंडर यांचे स्वप्न अशा रीतीने कागदावर पूर्ण झाले, आणि नेमके त्याच काळात वादक जुन्या, कमी शक्तीच्या, लवकर फाटणाऱ्या पेट्या शोधत पेठेत फिरू लागले. चॅम्पचे उत्पादन 1982 पर्यंत चालू राहिले.

फेंडर स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हते. जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या म्युझिक मॅन कंपनीचे ते 1975 मध्ये अध्यक्ष झाले. या कंपनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये आरंभी ट्रान्झिस्टर आणि शेवटी पॉवर व्हॉल्व्ह असत. त्यांची घडण मुख्यतः टॉम वॉकर यांची; फेंडर यांनी स्वतः गिटार आणि बासवर लक्ष ठेवले. 1979 मध्ये पत्नी एस्थर कर्करोगाने गेल्या. मंदीच्या दिवसांपासून साथ देणारी ती जोडीदार गेल्यावर त्यांनी पुन्हा कामाचाच आधार घेतला. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन या आपल्या जुन्या सहकाऱ्याबरोबर जी अँड एल नावाचा कारखाना काढला आणि 1980 मध्ये फिलिस यांच्याशी दुसरा विवाह केला. या शेवटच्या पर्वातही त्यांचा शोध तोच होता : पिकअपमधला गुणगुणाट कमी कसा होईल, तार अधिक स्पष्ट कशी बोलेल. पन्नासच्या दशकातल्या आपल्याच गिटारींसाठी आणि ॲम्प्लिफायरसाठी लोक वेडे झाले आहेत, हे पाहून त्यांना फारसे कौतुक वाटत नसे. आपण आता बनवतो आहोत ते अधिक चांगले आहे, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. अभियंता म्हणून ती बरोबरही असेल. वादकांना मात्र बरोबर असण्यापेक्षा वेगळेच काही हवे होते आणि ते त्यांना 1948 च्या त्या काटकसरी पेटीने आधीच देऊन ठेवले होते.

अखेरच्या वर्षांत त्यांना कंपवाताने गाठले. हात थरथरत असतानाही ते रोज कारखान्यात येत राहिले. 21 मार्च 1991 रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीसुद्धा ते आपल्या टेबलाशी काम करत होते. जी अँड एलच्या कारखान्याने पुढे वर्षानुवर्षे त्यांची ती खोली होती तशी राखली. टेबलावर सुटे भाग, हत्यारे आणि अर्धवट राहिलेले काम पडलेले होते. दुसऱ्या वर्षी, 1992 मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांच्या नावाचा समावेश झाला.